मदत हवी आहे: पायारा (व्हॅम्पायर फिश) सोलापूरच्या उन्हाळ्यात जगवायचा कसा?

नमस्कार मंडळी. आतेभाऊ नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि त्याची टाकी माझ्या गळ्यात पडली. टाकीत गप्पी-मॉली असते तर प्रश्नच नव्हता, पण आहे पायारा! वीतभर लांब, चकचकीत चंदेरी, आणि खालच्या जबड्यातून वर आलेले दोन सुळे. तोंड मिटलं की ते वरच्या जबड्यातल्या भोकांत जाऊन बसतात, त्यामुळे पाहुण्यांना तो गरीब वाटतो.

मूळचा ॲमेझॉन-ओरिनोकोच्या खोऱ्यातला. तिकडे धबधब्यांच्या पायथ्याशी, खळाळत्या पाण्यात राहतो आणि पिरान्हासुद्धा गिळतो. इथे त्याच्या नशिबी जुळे सोलापुरातला वरचा मजला आलाय. टाकी ४ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण २५० लिटर.

अडचणी:
पत्र्याखालची खोली, त्यामुळे मार्चमध्येच दुपारी पाणी ३२ अंशांवर जातं. मे महिन्यात काय करायचं? चिलर परवडणारा नाही.
दाण्यांकडे ढुंकून बघत नाही. भाऊ जिवंत गोल्डफिश घालायचा.
पाणी बदलायचं म्हणजे नळ यायला हवा. सोलापुरात तो किती दिवसांआड येतो हे काय सांगायचं!
आईचं एकच टुमणं, "हिप्परग्याच्या तलावात सोडून ये." सोडावा का?

भीमाकाठचा
शेवटचं आधी. तलावात अजिबात सोडू नका, उजनीतही नाही. आफ्रिकेतली चिलापी (तिलापिया मासा) १९५२ मध्ये भारतात आणली, आज उजनीच्या जाळ्यात काय सापडतं ते बाजारात जाऊन बघा. काकूंना सांगा, तिथे आपली मरळ सुखाने राहू दे.

गोल्डफिश बंद करा. त्यांच्यात थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. सतत तेच खाल्लं तर मासा खंगतो. शिवाय दुकानातले रोग फुकट येतात. चिलापीचे बोटभर काप करून पंपाच्या धारेत सोडा. वाहत्या पाण्यात हलणारा तुकडा त्याला जिवंत वाटतो. एक-दोन दिवस उपाशी ठेवलं तर हरकत नाही. उरलेलं लगेच काढा.

टाकीवाली ताई
दादा, उन्हाळ्यात खरी भीती ऑक्सिजनची. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम मावतो, ३५ ला ७ च्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाला तो लागतो जास्त. हा तर धबधब्याखालचा जीव.

काचेचं झाकण काढा, पण उघडी टाकी नको, उडी मारतो. जाळी बसवा आणि टेबलफॅन पाण्यावर तिरका लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन झकास होतं. माझ्याकडे दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईत हे इतकं जमायचं नाही. पाणी आटेल तेवढं रोज भरा. बर्फाच्या बाटल्या टाकायच्याच तर एका वेळी एकच, तापमान धाडकन पडू देऊ नका. लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअरपंप घेऊन ठेवा.

नळ येईल तेव्हा दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवायचा, अँटीक्लोरीन टाकून त्यात हवा सोडायची. हौदाचं पाणीही चालतं, ब्लीचिंग टाकलेलं नसलं तर.

भीमाकाठचा
अजून एक. भावाला विचारा, आर्माटस आहे की स्कॉम्बेरॉइड्स? पायाराचं शास्त्रीय नाव हायड्रोलायकस, त्याच्या चार जाती आहेत. आर्माटस मीटरभर वाढतो, त्याला ही टाकी पुरणारच नाही. स्कॉम्बेरॉइड्स टाकीत लहान राहतो, पण फार वर्षं टिकत नाही, असा पाळणाऱ्यांचा अनुभव. दोन्हीकडून पंचाईतच. मोठी टाकी असलेला माणूस आतापासून शोधा.

धागाकर्ता
दोघांनाही धन्यवाद. भाऊ म्हणतो, दुकानदाराने नुसतं "व्हॅम्पायर" सांगून विकला, जात त्यालाही ठाऊक नाही. फोटो टाकला तर ओळखाल का? आणि ताई, जाळी मच्छरदाणीची चालेल का? का सुळ्यांनी फाडेल?

टाकीवाली ताई
मच्छरदाणी नको, धडक देईल तेव्हा सैल होईल. खिडकीला लावतात ती प्लास्टिकची जाड जाळी घ्या, चौकटीत ताणून बसवा. फोटो आडवा काढा, पंख पूर्ण दिसतील असा.