‘बेट्स मोटेल’: शेवट ठाऊक असताना मालिका पाहावी का?

निशिगंध: हिचकॉकचा १९६० चा ‘सायको’ हा चित्रपट मी पाहिला असल्यामुळे त्यातील खुनी नॉर्मन बेट्सचे पुढे काय होते हे मला ठाऊक आहे. मग त्याच्या किशोरवयापासून सुरू होणारी ‘बेट्स मोटेल’ ही मालिका पाहण्यात काही अर्थ उरतो का?

पाणकावळा: नक्कीच उरतो. चित्रपटात नॉर्मनची आई जिवंत कधी दिसतच नाही. येथे मात्र व्हेरा फार्मिगाने मुलावर जीव टाकणारी, घाबरलेली, हट्टी आणि त्याच मायेने त्याला जखडून ठेवणारी नॉर्मा इतक्या ताकदीने उभी केली आहे की, तिचा अंत ठाऊक असूनही आपण प्रत्येक वेळी तिच्या सुटकेची आशा धरतो. फ्रेडी हायमोरचा नॉर्मनही आरंभी खरोखर निरागस वाटतो, आणि शुद्ध हरपल्यावर आपण काय केले हे त्याला आठवत नाही, हेच मला सर्वांत भयंकर वाटते.

अरुंधती_क: सहमत आहे, परंतु पहिल्या पर्वातील गावच्या अमली पदार्थांच्या व्यापाराचे उपकथानक मला लांबलेले वाटले. तेवढा भाग धीराने पाहावा.

मंदार: कथा १९६० मध्ये नव्हे, तर आजच्या काळातील ओरेगनमध्ये घडते. शिवाय शेवट ठाऊक आहे असे गृहीत धरू नका. (पुढे रहस्यभेद आहे.) ‘सायको’मध्ये मॅरियन क्रेनचा मोटेलच्या स्नानगृहात खून होतो; पाचव्या पर्वात मात्र रिहानाने साकारलेली मॅरियन त्या प्रसिद्ध स्नानगृहातून जिवंत बाहेर पडते.