अमेरिकेतील राजकारणी आणि उत्क्रांतीचा धडा

प्रश्न : उत्क्रांतीबरोबर ‘बुद्धिमान रचना’ही (सजीव कुणा बुद्धिमान शक्तीने रचले, हे मत) शाळेत शिकवावी, असे मत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००५ मध्ये मांडले होते. त्याला कायद्याचा आधार आहे का?

प्रतिसाद १ : सरकारी शाळांपुरता तरी नाही. उत्क्रांती शिकवल्यास निर्मितीवादही (सजीवसृष्टी देवाने निर्माण केली, हे मत) शिकवलाच पाहिजे, असा लुइझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, त्यामागचा हेतू धार्मिक असल्याचे सांगून, रद्द केला.

प्रतिसाद २ : गंमत म्हणजे ‘बुद्धिमान रचना’ हे विज्ञान नव्हे, असा निकाल डिसेंबर २००५ मध्ये डोव्हर (पेनसिल्व्हानिया) येथील शाळांबाबतच्या खटल्यात देणारे न्यायाधीश जॉन जोन्स हे बुश यांनीच नेमलेले होते.

प्रतिसाद ३ : तरीही २००७ च्या रिपब्लिकन वादचर्चेत, उत्क्रांती कोण मानत नाही, असे विचारताच राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन इच्छुकांनी हात वर केले, आर्कान्साचे माजी गव्हर्नर माइक हकाबी त्यांपैकीच. पक्षांतर्गत निवडणुकीतल्या धार्मिक मतदाराचा हा धाक असावा, असे मला वाटते.