शाळेच्या ग्रंथालयातली पावसाळी ओल

डांबरगोळ्या ठेवूनही कोल्हापुरातल्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं दर पावसाळ्यात बुरसतात. डांबरगोळीनं कसर दूर राहते, बुरशी नाही. बुरशीला ओल लागते आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ती भिंतीतूनच येते. आधी कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा, खाली ठोकळे द्या. पुस्तकं खच्चून भरू नका. दोन पुस्तकांत बोट सहज शिरलं पाहिजे. दारं कोरड्या दुपारी उघडी, पाऊस लागला की बंद.

बुरसलेलं पुस्तक वर्गात झटकू नका, बुरशी मुलांच्या नाकात जाते. बाहेर सावलीत वाळवा, मग तोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं शिवणीकडून कडेकडे झाडा. ओली बुरशी पुसली की कागदात चोळली जाते. कडक ऊनही नको, पुठ्ठा वाकतो.

फाटल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको. काही वर्षांत पट्टी सुटते, चिकट पिवळा डाग मात्र कायमचा राहतो. पातळ टिश्यू कागद आणि मैद्याची खळ पुरते.

2019 सारखा पूर आला तर गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी हातात घ्या. त्यांची पानं ओली असतानाच सुटी करावी लागतात. वाळली की वीट होते. बाकीच्यांत दर वीस पानांमागे कोरा कागद घाला आणि भिजला की बदला. दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, मात्र आजच सगळ्यांत वरच्या फळीवर हलवा. ती गेली तर काय वाहून गेलं तेही कळत नाही.