स्वस्त तोच जिंकतो, असं सरसकट नाही

'शेवटी स्वस्त कन्सोलच (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) बाजी मारतो' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात गाजलेला दाखला १९९५चा. लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सेगा कंपनीने जाहीर केलं की तिचा सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला आजपासूनच दुकानात मिळेल. थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, आपल्या प्लेस्टेशनची किंमत म्हणून '२९९' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट! पण सेगाला नडली ती फक्त किंमत नव्हे. सप्टेंबरची तारीख अचानक मे महिन्यात ओढल्यामुळे माल मोजक्याच दुकानांत पोचला, बाकीचे दुकानदार बिथरले, आणि गेम बनवणाऱ्यांची तयारीच झालेली नव्हती.

आता उलट उदाहरण. २००१मध्ये निन्टेन्डोचा गेमक्यूब १९९ डॉलरला आला, तेव्हा अमेरिकेत सोनीचा पीएस-टू (प्लेस्टेशन २) २९९ला होता. २००३मध्ये तर गेमक्यूब ९९ डॉलरवर उतरला. तरी विकला गेला जेमतेम २ कोटी १७ लाख, आणि पीएस-टू १५ कोटींच्या पुढे! पीएस-टूवर डीव्हीडी चालायची, जुन्या प्लेस्टेशनचे गेमही चालायचे. घरात वेगळा डीव्हीडी प्लेयर घ्यायला नको म्हटल्यावर १०० डॉलर जास्त कोणाला खुपणार?

२०१३चा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन मात्र तुमच्या खात्यात. कायनेक्ट हा हालचाली टिपणारा कॅमेरा गळ्यात मारून ४९९ लावले, सोनीचा पीएस-फोर ३९९ला. वर्षभरात कायनेक्ट काढून ३९९वर यावंच लागलं.