कबड्डीच्या सामन्यात बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याने पंचालाच चौकीत बसवलं, तक्रार कुठे आणि कशी करू? (पुणे)

मंडळी, गेली कित्येक वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि २२ वर्षं कबड्डीचा पंच. मानधन म्हणजे पेट्रोलचे पैसे आणि एक वडापाव, तेव्हा पैशासाठी करतो असं कुणी म्हणू नये. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, उपनगरातल्या एका मैदानावर ६० किलो गटाची स्पर्धा होती. मैदान, मंडळ, चौकी, कुणाचंच नाव देत नाही, कृपया विचारूही नका.

उपांत्य सामना. २८-२७. शेवटची चढाई. पिछाडीवरच्या संघाचा चढाईपटू झटापट होण्याआधीच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेला, डावा पाय अख्खा आत. झटापट झाल्याशिवाय तिथे गेलं की बाद. माझ्यापासून सहा फुटांवर. बाद दिला, शिट्टी वाजवली, सामना संपला. असे निर्णय मी हजारांनी दिले असतील. शिव्याही खाल्ल्यात, त्या पंचाच्या पगारातच धरलेल्या असतात.

पण बंदोबस्ताला आलेल्या पीएसआय साहेबांचा भाचा हरलेल्या संघात होता. हे मला नंतर कळलं. साहेब खुर्चीवरून उठले आणि सरळ मॅटवर आले. बूट घालून. कबड्डीतल्या माणसाला हे सांगायला नको. आमदार उद्घाटनाला आले तरी आम्ही त्यांना चपला काढायला लावतो, तेही हसत काढतात. मी म्हणालो, "साहेब, बूट." एवढंच. ते म्हणाले, "निर्णय फिरव." मी म्हणालो, सरपंच (सामन्याचे मुख्य पंच) बसलेत, संघाने लेखी हरकत घ्यावी. त्यावर त्यांनी माईक बंद करायला लावला, "दहाची वेळ पाळायची असते" म्हणून. तेव्हा ९ वाजून २० मिनिटं झाली होती.

मग मला आणि एका मुलाला जीपमध्ये घालून चौकीत नेलं. मुलगा १९ वर्षांचा, जिंकलेल्या संघाचा उजवा कोपरा, म्हणजे उजव्या टोकाचा बचावपटू. तो मैदानातून मोबाईलवर शूटिंग करत होता, मंडळाच्या इन्स्टाग्रामला टाकायला. माझ्यासमोर त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या, मोबाईल घेतला, व्हिडिओ उडवला. मला हात लावला नाही. "सरकारी कामात अडथळा, ३५३ टाकीन, शाळेतली नोकरी जाईल" एवढं मात्र चार वेळा ऐकवलं. सव्वाबाराला दोघांकडून माफीनामा लिहून घेतला. मी पक्षपाती निर्णय दिला आणि पोलिसांशी हुज्जत घातली, असा मजकूर. सही केली. केली, काय करणार.

आता खरी अडचण. तो मुलगा पोलीस भरतीच्याच तयारीत आहे. रोज पहाटे १६०० मीटर मारतो, खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यातून अर्ज भरलाय. त्याचे वडील माझ्या घरी येऊन हात जोडून गेले, "सर, विषय वाढवू नका, पोराची चारित्र्य पडताळणी त्याच ठाण्याकडे यायची." आयोजक म्हणतात पुढच्या वर्षी परवानगी त्यांच्याकडूनच घ्यायची आहे, ते साक्ष देणार नाहीत.

माझा प्रश्न असा, की मुलाला मध्ये न आणता मी एकट्याने तक्रार करू शकतो का? कुणाकडे? आणि माझ्याच सहीचा तो माफीनामा माझ्या गळ्यात पडेल का?

– डावा_कोपरा

*

चिमण्या_गणपती: सर, वाचून डोकं फिरलं. ज्या गावात डेक्कन जिमखान्यावर शंभर वर्षांपूर्वी हुतुतूचे नियम बसवले, तिथे आज लॉबीचा नियम पीएसआय ठरवणार! तिकडे फुटबॉलला व्हिडिओ पंच असतो, आपल्याकडे खाकी पंच.

डोंगरवाट: मी दहा वर्षं टेनिस बॉलच्या नाईट टूर्नामेंट भरवल्यात. कटू वाटेल, पण सोडून द्या. बंदोबस्ताला चार माणसं येतात, त्यांना जेवण, टी-शर्ट, पहिल्या रांगेत खुर्च्या, वर त्यांची एक टीम फुकट एन्ट्रीत. न दिल्यास मंडपाचा खांब रस्त्यात येतो. सगळे अधिकारी असे नसतात. आमच्याकडे एक मॅडम होत्या, स्वतःच्या पैशाने चहा घ्यायच्या. पण वाईटाशी गाठ पडली की आयोजकाला वाली नाही.

डावा_कोपरा: @डोंगरवाट, टी-शर्ट आम्हीही दिले होते हो. आठ.

ॲड_दुपार: वकील आहे, पण हा सल्ला ढोबळ समजा, कागद घेऊन कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा.

आधी ती ३५३ ची भीती काढा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, तेच कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे. त्याला हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर लागतो. शिट्टी वाजवून चढाईपटूला बाद देणं त्यात बसत नाही. "साहेब, बूट" म्हणणंही नाही.

तक्रार तुम्ही एकटे करू शकता. तुम्हाला जवळपास तीन तास बसवून ठेवलं, अटक नाही, नोटीस नाही, कागद नाही. ही स्वतंत्र तक्रार आहे, मुलाच्या मारहाणीवर ती अवलंबून नाही. अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे, प्रत त्या परिमंडळाच्या उपायुक्तांना. हाताने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मैदान पुणे शहर हद्दीत आहे ना, हे आधी बघा. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे आणि चुकीच्या दारात अर्ज महिनाभर फिरतो.

दुसरं दार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं, त्यातून महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ही तरतूद आली. विहित पद्धत सोडून डांबणं आणि अधिकाराचा गैरवापर, दोन्ही त्यांच्या कक्षेत येतं. पीडिताच्या वतीने दुसरी व्यक्तीही तिथे तक्रार करू शकते, हे त्या मुलाच्या बाबतीत लक्षात ठेवा. मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. पण कोर्टात जायची वेळ आली तर पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मुळे सहा महिन्यांचा हिशोब धरून चला. नऊ दिवस गेलेत.

माफीनाम्याचं ओझं घेऊ नका. तो कुठे, किती वाजता, काय धमकी देऊन लिहून घेतला हे अर्जात स्वतःच लिहा. लपवलात तर तो त्यांच्या हातातलं हत्यार होईल.

निवृत्त_बिल्ला: मास्तर, ३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली निम्मी बंदोबस्तात. कुस्ती, कबड्डी, दहीहंडी, सगळं बघितलंय. बंदोबस्ताला गेलेल्या माणसाने मॅच बघायचीच नसते, गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

तुम्हाला चौकीत आणलं तर स्टेशन डायरीला नोंद पाहिजे: कोणाला, कशासाठी, किती वाजता आणलं, किती वाजता सोडलं. आदेश न ऐकणाऱ्याला बाजूला न्यायचा अधिकार पोलिसाला आहे, नाही असं नाही. पण तो आदेश कायदेशीर असावा लागतो. "निर्णय फिरव" हा कुठल्या कायद्यातला आदेश? तेव्हा माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा: त्या दिवसाचा बंदोबस्त वाटपाचा आदेश, आणि त्या वेळेतल्या डायरीच्या नोंदी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. नोंद नसेल तर "नोंद आढळून येत नाही" असं लेखी येईल. ते लॅमिनेट करून ठेवा.

सायकलवाली_आजी: ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही ठेवायचा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे ना?

ॲड_दुपार: हो आजी, डिसेंबर २०२० चा, परमवीर सिंग सैनी खटला. चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपायचं. पण तो पोलीस ठाण्यांबद्दल आहे, चौकीत कॅमेरा असेलच असं धरू नका. फुटेज जपून ठेवा असं पत्र ठाण्याला आजच द्या, समोरच्या मेडिकल किंवा बेकरीच्या कॅमेऱ्यासाठी दुकानदाराला भेटा. खाजगी कॅमेऱ्यात जुनं चित्रण लवकर पुसलं जातं.

प्लग_पॉइंट: कायद्याचं कळत नाही, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काका, उडवलेला व्हिडिओ लगेच जात नाही. गॅलरीत ट्रॅश किंवा रिसेंटली डिलीटेड असतं, बहुतेक फोनमध्ये ३० दिवस राहतो. मुलाला आत्ता फोन करा. आणि तोवर त्या फोनवर दुसरं काही शूट करू नका म्हणावं.

डावा_कोपरा: @प्लग_पॉइंट, तुमचे उपकार कसे फेडू. फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "सर, तो मी दुसऱ्याच दिवशी परत घेतलाय. बाबांना सांगितलं नाही." ४२ सेकंद आहेत. बूट दिसतात. "निर्णय फिरव" स्वच्छ ऐकू येतं. ढकलत नेताना कॅमेरा आभाळाकडे जातो आणि संपतं.

शिवाय बायकोचे त्या रात्रीचे अकरा मिस्ड कॉल माझ्या फोनमध्ये आहेत, ९.३१ ते १२.०४. त्याचा उपयोग होईल का?

ॲड_दुपार: होईल. स्क्रीनशॉट काढा, फोन बदलू नका. व्हिडिओ मूळ फोनमध्ये तसाच राहू द्या, कापू नका, गाणं टाकू नका, आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

डोंगरवाट: पण मुलाचं काय? व्हिडिओ दिला की तो कुणी काढला हे विचारणारच.

निवृत्त_बिल्ला: विचारणार. खोटा धीर देत नाही. कागदावर बोलायचं तर पडताळणीत गुन्हा दाखल आहे का हे बघतात, आणि त्याच्यावर काही दाखल नाही. पण अहवाल लिहिणारा हात माणसाचा असतो. मी असतो तर मुलाची भरती होईपर्यंत व्हिडिओ बाहेर काढला नसता. अर्ज मात्र आज दिला असता, फक्त मास्तरांपुरता.

सायकलवाली_आजी: म्हणजे मार खाल्लेल्याने गप्प बसायचं आणि उद्या त्याच खात्यात जायचं. अजब आहे.

निवृत्त_बिल्ला: आजी, मीही तसाच गेलो होतो.

डावा_कोपरा: सगळ्यांचे आभार. आज त्याच्या घरी जाऊन आलो. वडील तयार नाहीत. तो तयार आहे, पण मैदानी चाचणी झाल्यावर. ठरलं असं: उद्या माझा एकट्याचा अर्ज, त्यात "सोबत आणखी एका खेळाडूला नेण्यात आले" एवढंच वाक्य. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा. व्हिडिओ दोन पेन ड्राइव्हवर, एक माझ्याकडे, एक मेहुण्याकडे नाशिकला.

एकच राहिलं. बूट घालून मॅटवर आले, हे अर्जात लिहू का? बायको म्हणते पोरकट वाटेल.

ॲड_दुपार: गाळा. कायद्यात त्याला कलम नाही.

निवृत्त_बिल्ला: लिहा. चौथ्या परिच्छेदात. वर तारीख, वेळ, किती तास बसवलं ते येऊ द्या.

डावा_कोपरा: लिहिलं. चौथ्या परिच्छेदात.