बुधवारची प्रार्थना सभा ओसरतेय, भेटींचा सगळा भार पाळकांवर: मंडळीची घडी कशी बसवावी?

पॅस्टोरेट_सेक्रेटरी:

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची आमची ख्रिस्ती मंडळी. कुटुंबं ७२, रविवारी उपासनेला दीडशेच्या आसपास लोक. पाळकसाहेब (पास्टर) एकटे, आणि त्यांच्याकडे याच पॅस्टोरेटमधल्या, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेल्या भागातल्या, आणखी दोन खेड्यांच्या मंडळ्या आहेत. अडचणी अशा:

बुधवारच्या प्रार्थना सभेला आठ-दहा जण येतात, त्यातही वयस्कर भगिनीच जास्त. सभा दोन-दोन तास चालते. तरुण मंडळी एमआयडीसीत शिफ्टमध्ये. शिवाय सभेत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर होते म्हणून बरेच जण काही सांगतच नाहीत. भेटींचं म्हणाल तर काही घरांत पाळक महिन्यातून तीनदा जातात आणि काही घरांत वर्षभर कुणाचंच पाऊल पडत नाही. त्यातून कुरकुर सुरू होते.

नुसता उपदेश नको, प्रत्यक्ष काय करायचं ते सांगा.

निवृत्त_पाळक:

सलाम. आधी भेटींचं लिहितो, कारण माझ्या मते प्रार्थना सभा तिथूनच सुधारते. ज्याच्या घरी आठवड्यात कुणी विचारपूस केली नाही, तो बुधवारी आपलं दुःख घेऊन येत नाही.

बायबलमध्ये निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला हेच बजावतो: तू एकटा हे करत राहिलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील. त्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगितली. तुम्हाला ‘दहांवर’ पुरे. ७२ कुटुंबांचे आठ गट करा, प्रत्येकी नऊ घरं. गट वस्तीप्रमाणे पाडा, भावकीप्रमाणे मुळीच नको. एका भावकीचा गट झाला की घरातलं भांडण गटात येतं आणि गटाचं भांडण मंडळीत.

प्रत्येक गटाला दोन सेवक द्या, एक बंधू आणि एक भगिनी. बहुतेक घरांत दुपारी बायकाच असतात, तिथे भगिनींनीच जाणं बरं. निवड करताना १ तीमथ्य ३ समोर ठेवा. ‘नवशिका नसावा’ ही अट तिथे सहाव्या वचनात आहे आणि उत्साहाच्या भरात नेमकी तीच विसरली जाते. आठवड्याला एक घर घेतलं तरी सव्वादोन महिन्यांत गटातली नऊही घरं होतात.

भेट वीस-पंचवीस मिनिटांची. जेवणाच्या वेळी जायचं नाही. बसल्या बसल्या शास्त्र उघडायचं नाही, आधी ऐकायचं. मग एक लहान स्तोत्र (१२१ किंवा २३ सगळ्यांना येतं, आजी-आजोबाही सोबत म्हणतात), त्या घराचं नाव घेऊन प्रार्थना आणि निघायचं. वर्गणी, बांधकाम निधी, ‘रविवारी का आला नाहीत’ हे विषय भेटीत काढायचे नाहीत. ते काढले की पुढच्या वेळी दार उघडतं, पण मन उघडत नाही.

पाळकांकडे राहतं ते असं: दवाखाना, मयत, दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तयारी, लग्नाआधीचं समुपदेशन, तुटत आलेली घरं. शिवाय प्रत्येक कुटुंबाला वर्षातून दोन भेटी. म्हणजे १४४ भेटी. ४८ आठवडे धरले तर आठवड्याला तीन.

यात बिघडतं काय, तर गट हळूहळू स्वतंत्र मंडळीसारखा वागू लागतो. वेगळं अर्पण गोळा होतं, सेवक पाच-सात वर्षं हलत नाही, ‘आमचा गट, तुमचा गट’ सुरू होतं. म्हणून नियम आधीच लिहून ठेवा: गटात पैसा गोळा करायचा नाही, सेवकाची मुदत दोन वर्षं, आणि महिन्यातून एकदा सगळे सोळा सेवक पाळकांसोबत तासभर बसतील. ती बैठक दोन महिने चुकली की भेटीही थांबल्या असं समजा.

महिला_मंडळ_सेविका:

बुधवारच्या सभेबद्दल लिहिते.

दोन तासांची सभा बहुतेक वेळा प्रार्थनेची राहत नाही. चार गीतं, पाऊण तासाचा संदेश, विनंत्या सांगण्यात अर्धा तास, आणि शेवटी दोन ठरलेल्या व्यक्ती लांबलचक प्रार्थना करतात. बाकीचे ऐकतात. जो फक्त ऐकायला येतो, त्याला घरी बसूनही ऐकता येतं.

एकच तास ठेवा, साडेसात ते साडेआठ. आला असेल-नसेल, साडेसातला सुरू, साडेआठला आशीर्वाद. पाच मिनिटं गीत. ना. वा. टिळकांचं एखादं पद घ्या, जे पुस्तकाशिवाय सगळ्यांना येतं. दहा मिनिटं वचन, तेही ज्याबद्दल प्रार्थना करायची त्याला धरून. विनंत्यांना पाच मिनिटं, कारण त्या आधीच वहीत आलेल्या असतात. उरलेली पस्तीस मिनिटं तिघातिघांचे गट करून प्रार्थना, आणि शेवटची पाच मिनिटं सगळे एकत्र, प्रभूच्या प्रार्थनेने समाप्ती.

तिघांच्या गटात एका वेळी एकच विषय: आधी उपकारस्तुती, मग आजारी, मग विद्यार्थी आणि नोकरी शोधणारे, मग गाव आणि अधिकारी, मग जे मंडळीत येईनासे झालेत ते. एका माणसाने एका विषयावर मिनिटभर बोलायचं. ज्याला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही त्याने ‘आमेन’ म्हटलं तरी पुरे. त्याच्याकडे बघत थांबायचं नाही, नाहीतर तो पुढच्या बुधवारी येत नाही.

आता गुप्ततेचं. एक जाड वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, नाव, विनंती एका ओळीत, कुठवर सांगायची, पुढे काय झालं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात तीनपैकी एक खूण: ‘स’ म्हणजे सभेत, ‘से’ म्हणजे फक्त गटाचे सेवक, ‘पा’ म्हणजे फक्त पाळक. खूण विनंती देणाऱ्याने सांगायची, लिहिणाऱ्याने ठरवायची नाही. ‘पा’ची विनंती वहीत लिहायचीच नाही, नुसतं नाव आणि खूण. ‘से’ची विनंतीही सभेत वाचायची नाही. वही एका ठरलेल्या व्यक्तीकडे राहील, वेदीजवळ उघडी पडलेली नको.

सभेत काय सांगायचं यालाही मर्यादा हवी. ‘एका भगिनीचं गुरुवारी ऑपरेशन आहे’ एवढं पुरे. कसलं, कुठे, किती खर्च, हे देवाला ठाऊक आहे. मुलीच्या स्थळाची विनंती नाव घेऊन कधीच वाचू नका. जमत आलेलं स्थळ त्यामुळे मोडतं. आणि नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा मारहाणीबद्दल बाई बोलली तर ते सभेत येताच कामा नये. नवऱ्याच्या कानावर गेलं की त्याच रात्री तिला त्याची किंमत मोजावी लागते. ते दोन विश्वासू भगिनींनीच ऐकायचं, आणि जिवाला धोका असेल तर नुसतं प्रार्थनेवर न थांबता तिला सुरक्षित जागी हलवायचं.

पाचवा रकाना दर चार आठवड्यांनी भरा. विनंती दिली आणि पुढे कुणी विचारलंच नाही, याने माणूस फार दुखावतो. उत्तर मिळालं असेल तर त्यांच्या परवानगीने सभेत उपकारस्तुती करा.

शिफ्टवाल्यांसाठी: दुसरी पाळी साधारण दुपारी तीनला सुरू होऊन रात्री अकराला सुटते, म्हणजे ते बुधवारी संध्याकाळी कधीच येणार नाहीत. त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी अर्धा तास ठेवा, घरोघरी फिरता. घरसभेला खायला काय द्यायचं हेही ठरवून टाका: चहा आणि बिस्कीट, बस्स. एका घरी पोहे-शिरा झाला, पुढच्या घरी वडे झाले की ज्याची ऐपत नाही तो सभा घ्यायलाच कचरतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनने लिहायचं. सकाळच्या फुलांच्या फोटोंत विनंती हरवून जाते.

मिशन_दवाखाना_नर्स:

ताईंच्या म्हणण्याला आजाऱ्यांपुरती जोड देते.

याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (जबाबदार ज्येष्ठांना) बोलवावं असं आहे. म्हणजे बोलावणं त्याच्याकडून यायला हवं. दहा-बारा जणांनी वॉर्डात जाऊन मोठ्याने गाणी म्हणू नयेत. दोघांनी जावं, हात धुवावेत, पाच-सात मिनिटं थांबावं. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी घरच्यांना धीर देऊन परत यावं.

औषधं थांबवा असं कुणीही म्हणू नये, आडवळणानेही नाही. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणसाला बरं वाटतं, आणि ‘प्रभूने बरं केलं’ म्हणून गोळ्या सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अवघड होतो आणि त्याचा त्रासही जास्त. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, मनाच्या आजाराची औषधं यांचंही तसंच. बरं वाटतंय, तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनाच ठरवू द्या.

‘कुठलं पाप लपवलंय का’ हा प्रश्न खाटेजवळ विचारू नये. योहान ९ मध्ये शिष्यांनी तोच विचारला होता, आणि प्रभूने तो सरळ नाकारला.

खेड्यातला_पाळक:

निवृत्त पाळकसाहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून दोन गोष्टी वेगळ्या सांगतो.

आठवड्याला तीन भेटींचा हिशोब एका मंडळीपुरता ठीक आहे. इथे तीन मंडळ्या आहेत. रविवारी दोन किंवा तीन उपासना, मध्येच मयत, लग्न, कमिटीची बैठक, डायोसिसचं (बिशपच्या प्रांताचं) काम. खेड्यांतली कुटुंबं धरली तर तीनाच्या पाच होतात, आणि पहिल्याच महिन्यात पाळक मागे पडतात. पाळकांची वर्षाला एकच भेट ठरवा आणि ती रजिस्टरमध्ये तारखेसह नोंदवा. रजिस्टर पाहिलं की कुणाकडे तीनदा गेलो आणि कुणाकडे गेलोच नाही हे आपोआप दिसतं. कुरकुरीला तेच उत्तर.

दुसरं, एकदम आठ गट नकोत. सोळा चांगले सेवक एका दमात मिळत नाहीत. मग जागा भरायच्या म्हणून कुणालाही घेतलं जातं आणि नंतर काढणं अवघड होतं. दोन गट करा, सहा महिने चालवा, त्यातूनच पुढचे सेवक तयार होतात. सुरुवात जूनमध्ये करा. मे महिना लग्नांत जातो आणि डिसेंबर नाताळच्या कॅरल फेऱ्यांत, तेव्हा नवं काही रुजत नाही.

आणि पाळकांना आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा द्या, सोमवार असेल तर सोमवार. त्या दिवशी फोन एका वडिलांकडे. पाळकीणबाईंना बिनपगारी सेवक समजू नका. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये सात जण नेमले ते याचसाठी, की प्रेषितांना प्रार्थना आणि वचनाची सेवा करायला वेळ मिळावा.

निवृत्त_पाळक:

दोन गटांपासून सुरुवात, हे मान्य. तीन मंडळ्यांचा भार मी धरला नव्हता, तेव्हा वर्षाला एक भेट हेच बरोबर. फक्त मयताच्या घरी एका भेटीवर थांबू नका: दफनविधीनंतर आठवड्याने, महिन्याने आणि पहिल्या वर्षदिनी पाळकांनी स्वतः जावं. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, महिन्याने रिकामं होतं.

पॅस्टोरेट_सेक्रेटरी:

सर्वांचे मनापासून आभार. वही आणि दोन गट हे कमिटीच्या येत्या बैठकीत मांडतो. एक नाजूक प्रश्न राहिला. कमिटीतले दोन सभासद अर्पणाच्या हिशोबावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघंही प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) पुढे येतात. लोक पाहतात. काय करावं?

हिशोब_तपासनीस:

भांडण हिशोबावरून असेल तर आधी हिशोब स्वच्छ करा, मग समेट. उलट क्रमाने केलं तर हात मिळवले जातात आणि संशय तसाच राहतो.

अर्पण उपासनेनंतर लगेच, चर्चमध्येच, टेबलावर सगळ्यांसमोर मोजायचं. मोजणारे दोघं, एकमेकांचे नातलग नसलेले, आणि दर महिन्याला बदलणारे. नोटा-नाणी वेगळी लिहून दोघांच्या सह्या, खजिनदाराची तिसरी. बँक उघडेल त्या पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम भरायची. खर्च त्यातून परस्पर भागवायचा नाही, नाहीतर पावती आणि मोजणी कधीच जुळत नाही. पुढच्या रविवारी आकडा फलकावर. पाळकांच्या हातात रोख द्यायची नाही, त्यात त्यांचंच रक्षण आहे. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौलही दानाच्या पैशाबद्दल हीच काळजी घेतो. मालमत्ता आणि खाती कोणत्या न्यासाच्या नावावर आहेत तेही पाहा. न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला की पुढचे वाद धर्मादाय आयुक्तांकडे जातात.

वर्षभराचा जुना हिशोब बाहेरच्या लेखापालाकडून तपासून घ्या, दोघांनाही मान्य असलेल्या. अहवाल आधी त्या दोघांना, मग कमिटीला.

त्यानंतर मत्तय १८:१५-१७ चा क्रम. आधी दोघं एकांतात. पाळकांनी फक्त वेळ आणि जागा ठरवून द्यावी. जमलं नाही तर एक-दोन साक्षीदार, जे दोघांचेही नातेवाईक नाहीत. मंडळीसमोर आणणं हे शेवटचं पाऊल, आणि प्रवचनातून टोमणा मारणं हे कोणतंच पाऊल नाही. लहान मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार मात्र या क्रमात बसवायची नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांकडे देणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

प्रभुभोजनाबद्दल: पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी दोन आठवडे पाळकांनी दोघांना वेगवेगळं भेटावं आणि मत्तय ५:२३-२४ (आधी भावाशी समेट, मग वेदीपाशी अर्पण) वाचावं. वेदीपाशी कुणालाही अडवू नये, तिथे तमाशा होतो. त्यांना आधीच, खाजगीत सांगावं: समेटाची पहिली बैठक होईपर्यंत आपणहून थांबा. बैठकीची तारीख त्याच भेटीत लिहून घ्या.