टायरमधल्या हवेचा दाब मोजणारे सेन्सर घरी जुळवता येतील का?

प्रश्न (जुळे सोलापूर): चाकांची अदलाबदल केल्यापासून पुढच्या डाव्या टायरची हवा उतरली तरी पडद्यावर मागचे उजवे चाक दिसते, सेन्सर जागे करणारे, हातात धरायचे यंत्र आणून हे घरीच दुरुस्त होईल का?

उत्तर: होईल, परंतु काही गाड्या सेन्सरविना, एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकगतीवरूनच अंदाज बांधतात, तिथे यंत्र निरुपयोगी, हे आधी तपासावे. अन्यथा गाडी सेन्सर नव्याने नोंदवण्याच्या स्थितीत आणून यंत्र व्हॉल्व्हजवळ टायरच्या कडेला धरावे; १२५ किलोहर्ट्झच्या संकेताने सेन्सर जागा होऊन स्वतःचा क्रमांक बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर कळवतो. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेतलाच पाळावा.

दुसरे उत्तर: हवा मात्र पहाटे, टायर थंड असताना भरावी, आपल्याकडच्या उन्हात दुपारचा आकडा फसवतो.

प्रश्नकर्ता: जमले. प्रत्येक चाकाची नोंद होताच हॉर्न वाजल्यामुळे शेजारचे काका तेवढे बाहेर आले.